तीन गोट्यांचा प्रोटॉन

विज्ञान प्रदर्शनांच्या मोसमात आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) कोणत्याही तालुक्याला गेले, अकोले असो की श्रीगोंदा, तरी एक प्रतिकृती बहुधा भेटतेच. थर्माकोलचा मोठा गोळा मधोमध कापलेला, आत तीन रंगीत गोट्या, त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या तारेच्या स्प्रिंगा आणि खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत ‘प्रोटॉनचे अंतरंग’. दोन गोट्या ‘अप’ क्वार्कच्या, एक ‘डाऊन’ची. प्रतिकृतीशेजारी उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला आत तीनच गोट्या आहेत हे कशावरून कळले असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : शास्त्रज्ञांनी शोधले.

ह्यात मुलांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. हेच चित्र भित्तिपत्रकांवर आहे, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आहे, मुलांच्या कोशांत आहे आणि आपण विज्ञानविषयक लेखन करणारे लोकही मूलकणांविषयी लिहिताना बिनदिक्कत तेच वापरत आलो आहोत. ह्या लेखाचा विषय म्हणजे हे चित्र. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे त्याचे परीक्षण करण्याची वेळ आली आहे, कारण गेल्या पन्नाससाठ वर्षांत प्रोटॉनविषयी जे कळले त्यातला सर्वांत रंजक भाग ह्या चित्राने झाकला जातो. शिवाय त्या भागात एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचे मोठे काम आहे, आणि तेही त्याबरोबर झाकले गेले आहे.

आधी चित्राची बाजू. ते सर्वस्वी खोटे नाही. प्रोटॉनचा विद्युतप्रभार एक आहे. अप क्वार्कचा प्रभार अधिक दोनतृतीयांश आणि डाऊनचा उणे एकतृतीयांश; दोन अप आणि एक डाऊन मिळून हिशोब बरोबर एक येतो. न्यूट्रॉनसाठी एक अप, दोन डाऊन, बेरीज शून्य. वर्गात हे फळ्यावर मांडले की मुलांना गंमत वाटते, आणि वाटावी. पण हिशोब जुळला म्हणजे आत काय आहे हे दिसले, असे होत नाही.

आठवीच्या पुस्तकातला ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ ह्या बाबतीत पुष्कळ बरा. तिथे अणूचे चित्र येण्यापूर्वी प्रयोग येतो. रदरफोर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन ह्यांनी १९०९ साली धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक सरळ पार गेले, पण सुमारे आठ हजारांत एखादा मागे फिरला, आणि त्यावरून १९११ साली रदरफोर्डने अणूच्या मध्यभागी इवलेसे, जड, धनप्रभारित केंद्रक असले पाहिजे असे अनुमान काढले. ‘कशावरून?’ ह्या प्रश्नाला पाठात उत्तर आहे. प्रोटॉनच्या आत शिरलो की मात्र तोच प्रश्न आपण दाराबाहेर ठेवतो. वास्तविक पद्धत बदललेली नाही. आकाश निळे का, हे शिकवताना आपण ‘विकिरण’ हा शब्द वापरतो : प्रकाश हवेतल्या रेणूंवर आदळून विखुरतो. रदरफोर्डने अल्फा कण विखुरवले. पुढच्या पिढीने प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन विखुरवले. काहीतरी फेकायचे, ते कोणत्या कोनात आणि किती ऊर्जेने परत येते ते मोजायचे, आणि आत काय असेल त्याचे प्रारूप बांधायचे. प्रारूप खरे की नाही हे कसे ठरवायचे? त्यातून पुढच्या मोजणीचे भाकीत करायचे आणि ते जुळते का ते पाहायचे.

फेकण्यासाठी इलेक्ट्रॉनच का? इलेक्ट्रॉन आणि त्याचा जड भाऊ म्यूऑन हे लेप्टॉन कुळातले कण. केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाशी त्यांचे देणेघेणे नाही, आणि त्यांच्या पोटात काही आहे असे आजवर दिसलेले नाही. म्हणजे दगड तरी साधा आहे. तो प्रोटॉनवर आदळतो असे आपण म्हणतो, पण बारकाईने पाहिले तर तो स्वतः आदळत नाही. जाता जाता तो एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, फेकतो आणि तो फोटॉन प्रोटॉनला भिडतो. लेप्टॉन मोठ्या कोनात वळला तर त्याने फेकलेल्या फोटॉनने मोठा संवेग नेला, आणि जितका संवेग मोठा तितकी तरंगलांबी लहान. पहारीने काटा निघत नाही. बारीक वस्तूला बारीक चिमटा लागतो. इथे चिमट्याची धार वाढवायची तर यंत्राची ऊर्जा वाढवावी लागते. एवढे एक सूत्र हाती ठेवले की पुढचा सगळा इतिहास त्यावर चालतो.

१९५०च्या दशकात स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर ह्यांनी प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन सोडले. प्रोटॉन हा बिंदू नसून त्याला आकार आहे, त्याची त्रिज्या मीटरच्या १०च्या उणे पंधराव्या घाताच्या आसपास आहे, हे त्यातून कळले. १९६१चे नोबेल त्यांना ह्या कामासाठी मिळाले. धार तेवढी असताना प्रोटॉन म्हणजे प्रभाराचा एक मऊ, पसरट ढग दिसत होता. गोट्या कुठेच नव्हत्या.

‘तीन’ हा आकडा दुसरीकडून आला. त्या काळात रोज नवे कण सापडत होते आणि त्यांची कुळे लावताना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग ह्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवले की प्रोटॉनसारखे कण तीन मूळ घटकांचे मानले तर वंशावळ नीट लागते. म्हणजे तीन ही वंशावळीतली संख्या आहे. प्रोटॉन फोडून मोजलेली ती नव्हे. पुष्कळांना तर क्वार्क ही हिशोबाची सोय वाटत होती.

मग स्टॅनफर्डलाच सुमारे तीन किलोमीटर लांबीचा त्वरक तयार झाला. १९६७-६८ पासून तिथे जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडॉल आणि रिचर्ड टेलर ह्यांच्या गटाने २० जीईव्हीपर्यंतच्या (एक जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) इलेक्ट्रॉनांचा मारा केला. प्रोटॉन जर मऊ ढग असेल तर मोठ्या कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ दिसू नयेत. कापसाच्या पोत्यावर खडे मारले तर कोणता खडा उसळून परत येईल? इथे खडे परत येत होते, आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त. कापसात कुठेतरी लोखंडी नट होते. ह्या आकड्यांमधली शिस्त जेम्स ब्योर्केन ह्यांनी ओळखली, आणि रिचर्ड फाइनमन ह्यांनी तिचा सोपा अर्थ लावला : प्रोटॉनमध्ये बिंदूसारखे घटक आहेत आणि इलेक्ट्रॉन एकावेळी त्यांतल्या एकालाच धडकतो. फाइनमननी त्यांना क्वार्क म्हटले नाही. ‘पार्टन’ म्हणजे नुसते ‘भाग’, असा मोघम शब्द त्यांनी वापरला. ह्या सावधपणाचे मला फार कौतुक वाटते. आपल्या भित्तिपत्रकांत नेमका तोच गायब आहे.

सावधपणा योग्य ठरला. विखुरलेल्या लेप्टॉनांवरून पार्टनांचे प्रभार आणि त्यांच्या वाट्याला आलेला संवेग मोजता येतो. प्रभार क्वार्कांशी जुळले. संवेगाची बेरीज मात्र पुरी भरेना. प्रोटॉनच्या एकूण संवेगापैकी जेमतेम निम्मा क्वार्कांकडे होता. उरलेला निम्मा कोणाकडे? ज्याला फोटॉन पाहू शकत नाही अशा, विद्युतप्रभार नसलेल्या कोणाकडे तरी. हे ग्लुऑन, क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबल बलाचे वाहक. १९७९ साली हॅम्बुर्ग येथील प्रयोगांत त्यांची वेगळी खूण मिळाली. प्रतिकृतीतल्या स्प्रिंगा त्या ह्याच. ज्यांना आपण गोट्या जोडण्यापुरत्या तारा म्हणून दाखवतो त्यांच्याकडे अर्धा कारभार आहे!

पुढचा धक्का हेराने दिला. हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेत ६.३ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १९९२ ते २००७ ह्या काळात हेरा हे यंत्र चालले. एका बाजूने २७.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन, समोरून आधी ८२० आणि नंतर ९२० जीईव्हीचे प्रोटॉन. एच-वन आणि झ्यूस ह्या दोन शोधकयंत्रांनी टकरींची नोंद ठेवली. चिमट्याची धार प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत गेली. प्रोटॉनच्या संवेगाचा हजारावा, दहाहजारावा हिस्सा घेऊन फिरणारे घटक किती आहेत, हे प्रथमच मोजता आले. हिस्सा जितका लहान तितकी अशा घटकांची संख्या झपाट्याने वाढत गेली. ग्लुऑनमधून ग्लुऑन फुटतात, ग्लुऑनमधून क्वार्क आणि प्रतिक्वार्क ह्यांची जोडी निघते आणि पुन्हा विरते. ‘प्रोटॉनमध्ये किती कण आहेत?’ ह्या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नाही. किती बारकाईने पाहता, हा उलट प्रश्न आधी येतो.

हे मुलांना कसे सांगावे? डाळिंबाची उपमा अनेकदा दिली जाते, आणि संगमनेर-राहात्याकडच्या मुलांना ती जवळचीही वाटेल. पण ती इथे कामाची नाही. डाळिंब कोणत्याही सुरीने कापा, दाणे तेवढेच. मला प्रवरा नदी अधिक बरी वाटते. महाराष्ट्राच्या भिंतीवरच्या नकाशात प्रवरा ही रतनगडापासून प्रवरासंगमापर्यंत गेलेली एक निळी रेघ आहे. जिल्ह्याच्या नकाशात तिला आढळा, म्हाळुंगी, मुळा येऊन मिळताना दिसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांत एक प्रमाणाचा नकाशा उघडला तर एकट्या अकोले तालुक्यात ओढ्यानाल्यांचे जाळे दिसते, आणि मोजता मोजता दमछाक होते. प्रवरेत किती प्रवाह आहेत? नकाशाचे प्रमाण सांगा, मग आकडा सांगतो. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की प्रमाण बदलले की आकडा कसा बदलेल ह्याचा नियम प्रबल बलाच्या सिद्धांतातून काढता येतो. एका धारेवर केलेल्या मोजणीवरून दुसऱ्या धारेला काय दिसेल ह्याचे भाकीत करता येते, आणि हेराच्या मोजणीत ते उत्तम उतरले. उपमेची मर्यादाही सांगून टाकावी. ओढे नकाशा काढण्यापूर्वीपासून तिथे असतात. प्रोटॉनमधले बारीक घटक मात्र क्षणोक्षणी होतात आणि मोडतात.

वस्तुमानाचा हिशोब मांडला तर तीन गोट्यांचे चित्र आणखीच अडचणीत येते. दोन अप आणि एक डाऊन क्वार्क ह्यांच्या वस्तुमानांची बेरीज सुमारे ९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट). प्रोटॉन आहे ९३८चा. म्हणजे गोट्यांचे वजन शंभरात एक, आणि बाकीचे आतल्या हालचालीचे आणि बंधनाच्या ऊर्जेचे. दहावीच्या मुलाला हा भागाकार करता येतो, आणि केल्यावर तो स्वतःच विचारतो की मग थर्माकोलचा गोळा इतका जड का.

इथवर फेकलेला दगड साधा आहे असे आपण धरले होते. इलेक्ट्रॉन साधा, त्याने फेकलेला फोटॉनही साधा. रोहिणी गोडबोले ह्यांचे काम ह्या गृहीताशी भिडते.

गोडबोले ह्यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, पुढे स. प. महाविद्यालय, मुंबईची आयआयटी आणि अमेरिकेत स्टोनी ब्रूक येथे पीएच.डी. परत आल्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठ आणि त्यानंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा जे मराठी लेख माझ्या वाचनात आले त्यांत २०१९ची पद्मश्री होती, फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान होता, राम रामस्वामी ह्यांच्यासह त्यांनी संपादित केलेले, सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांविषयीचे ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक होते. ते सर्व असायलाच हवे. पण त्यांनी नेमके काय शोधले ह्या जागी ‘मूलकणांवर मोलाचे संशोधन’ एवढे एक वाक्य टाकून लेख पुढे सरकत. फुटबॉलपटूवर लेख लिहावा आणि तो ‘खेळत असे’ एवढेच सांगावे, तसे हे झाले. विषय अवघड आहे ही सबब मला पटत नाही. सांगून पाहू.

हेरामध्ये बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन जेमतेम वळतो. अशा वेळी त्याने फेकलेला फोटॉन दिव्यातून निघणाऱ्या फोटॉनसारखाच, जवळजवळ खराखुरा असतो. ऊर्जा मात्र प्रचंड. प्रोटॉन स्थिर आहे असे धरून हिशोब केला तर २०,००० जीईव्हीपर्यंत, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातल्या फोटॉनच्या सुमारे दहा लाख कोटी पट. तेव्हा हेरा हे लेप्टॉन आणि प्रोटॉन ह्यांचे यंत्र असले तरी प्रत्यक्षात ते प्रकाश प्रोटॉनवर आदळवण्याचेही यंत्र होते. आता क्वांटम सिद्धांत असे सांगतो की फोटॉन थोडा काळ क्वार्क आणि प्रतिक्वार्क ह्यांच्या जोडीचे रूप घेऊ शकतो. ऊर्जा प्रचंड असली की हा थोडा काळ इतका लांबतो की तेवढ्यात ती जोडी प्रोटॉनच्या आकाराच्या हजारो पट अंतर कापते. म्हणजे प्रोटॉनपाशी पोहोचताना फोटॉन आधीच उलगडलेला असू शकतो. त्या जोडीभोवती ग्लुऑनही जमा होतात. पायलीने ज्वारी मोजायला बसावे आणि पायलीच्याच तळाशी ज्वारी निघावी, तशी ही परिस्थिती. धान्य मोजायचे तर आधी पायलीत काय आहे ते मोजा.

ही कल्पना गोडबोले ह्यांची नव्हे. १९६०च्या सुमारास साकुराई ह्यांनी फोटॉन हा अधूनमधून ऱ्हो मेसॉनसारखा वागतो असे प्रारूप मांडले होते, आणि कमी ऊर्जेला ते चांगले चालले. १९७७ साली एडवर्ड विटन ह्यांनी नव्या सिद्धांतावरून फोटॉनच्या अंतरंगाचे गणित केले, आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी ते मोजलेही गेले. गोडबोले आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रीस ह्यांनी त्याचा व्यवहार दाखवला. हेरा सुरू होण्याच्या चार वर्षे आधी, १९८८ साली, त्यांनी हिशोब मांडला की तिथे दिसणाऱ्या कणांच्या फवाऱ्यांपैकी, ज्यांना जेट म्हणतात, मध्यम संवेगाच्या जेटांचा मोठा भाग थेट फोटॉनचा नसून उलगडलेल्या फोटॉनच्या पोटातल्या क्वार्क-ग्लुऑनांनी प्रोटॉनमधल्या क्वार्क-ग्लुऑनांना दिलेल्या धडकांचा असेल. खूणही सांगता येत होती. फोटॉन उलगडलेला असेल तर त्याचा एकच तुकडा धडक देईल आणि उरलेला अवशेष इलेक्ट्रॉनच्या दिशेने सरळ पुढे जाईल. १९९२ साली यंत्र सुरू झाले आणि पहिल्याच नोंदींत एच-वन आणि झ्यूस दोघांनाही त्या दिशेला ऊर्जा सापडली. पुढे फोटॉनच्या संवेगाचा किती हिस्सा धडकेत वापरला गेला ह्याचा आलेख झ्यूसने काढला, तेव्हा दोन गट स्पष्ट दिसले : एक पूर्ण हिश्श्याजवळ, तो थेट फोटॉनचा, दुसरा कमी हिश्श्याकडे, तो उलगडलेल्याचा.

१९९१ साली ह्याच जोडीने एक अडचणीचा प्रश्न विचारला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ह्यांच्या भावी सरळ रेषेतल्या यंत्रांत टक्कर स्वच्छ असेल, प्रोटॉनची घाण नाही, असा सर्वांचा भरवसा होता. ड्रीस आणि गोडबोले ह्यांनी दाखवले की ह्या कणांचे झुपके इतके दाट असतील की एकमेकांच्या क्षेत्रात ते वळतील, वळताना फोटॉन फेकतील, आणि हे फोटॉन एकमेकांवर उलगडून आदळले की नको असलेल्या कणांचा पाऊस पडेल. यंत्र बांधणाऱ्यांना हे मनावर घ्यावे लागले. नंतर इतरांनी केलेल्या हिशोबांत झुपक्यांची रचना जपून केली तर हा पाऊस आवरता येईल असे निघाले. पहिला अंदाज जरा चढा होता म्हणा. पण त्यानंतर अशा यंत्राचा आराखडा हा हिशोब मांडल्यावाचून पुरा होत नाही.

अंदाज चढा का होता, ह्यात प्रारूपांवरची खरी टीका दडली आहे, आणि ती टीका स्वतः प्रारूपकारांनीच केलेली आहे. लहान जेटांची संख्या मोजताना कुठेतरी एक किमान मर्यादा धरावी लागते : इतक्या संवेगाच्या वर गणित चालते, त्याखाली चालत नाही. ही मर्यादा दीड ते दोन जीईव्हीच्या आसपास धरतात, पण नेमका आकडा सिद्धांत देत नाही, आणि तो थोडा हलवला तरी उत्तर पुष्कळ हलते. शिवाय ऊर्जा वाढली की लहान जेटांचा हिशोब इतका फुगतो की एकूण टकरींपेक्षा लहान जेटांच्या टकरी जास्त निघू लागतात. अर्थ उघड आहे : एकाच टकरीत अनेक जोड्यांची धडक होत असली पाहिजे, आणि आपण तिला अनेक टकरी समजून मोजत आहोत. तेव्हा एका टकरीत किती धडका होतील ह्याची वाटणी घालावी लागते, आणि त्या वाटणीसाठी प्रोटॉनमध्ये व फोटॉनमध्ये घटक कसे पसरले आहेत ते धरावे लागते. फोटॉन किती वेळा उलगडलेला सापडेल हाही एक बाहेरून घातलेला आकडा. हेरावर फोटॉन आणि प्रोटॉन ह्यांच्या टकरीची एकूण शक्यता प्रोटॉन-प्रोटॉन टकरीच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्याइतकी भरली, आणि तो आकडा साधारण त्याच मापाचा असतो. गोडबोले ह्यांनी इटलीच्या जुलिया पांचेरी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नंतर पुष्कळ वर्षे ह्याच जागेवर काम केले : मऊ ग्लुऑनांच्या वर्षावाने हा फुगवटा कसा आवरला जातो, ते प्रारूपात आणण्याचे. काही आकडे तरीही हातानेच बसवावे लागतात. मला हे प्रारूपाचे वैगुण्य वाटत नाही, पण ते लपवणे वैगुण्य ठरले असते. कोणता आकडा सिद्धांतातून आला आणि कोणता मोजणीवरून बसवला हे त्या विद्येत उघड लिहितात. आपल्या थर्माकोलच्या गोळ्यावर ते कुठे लिहिलेले असते?

आणखीही काही गोष्टी ह्या चित्रात मावत नाहीत. १९८७-८८च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न येथे म्यूऑन विखुरवून केलेल्या प्रयोगात प्रोटॉनच्या फिरकीपैकी फारच थोडा भाग क्वार्कांच्या फिरकीतून येतो असे निघाले. आज तो सुमारे तीस टक्के मानतात. उरलेल्याचा हिशोब अजून चालू आहे, आणि अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन येथे होऊ घातलेले इलेक्ट्रॉन-आयन यंत्र त्यासाठीच आहे. हेराच्या तीव्र टकरींपैकी दहातल्या एकीत प्रोटॉन न मोडता तसाच निघून जातो, हेही एक कोडेच होते. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

ही प्रतिकृती प्रदर्शनातून हद्दपार करा असे माझे म्हणणे नाही. तिच्याशेजारी दुसरे टेबल मांडा. प्लायवूडच्या फळीखाली, फळीच्या मधोमध, लाकडाची एखादी आकृती बसवावी, कडांना करवतीने अरुंद खाचा पाडलेली. मुलांना आकृती दिसता कामा नये. फळीखालून गोट्या सोडाव्यात, प्रत्येक गोटी कुठून गेली आणि कुठून निघाली ते कागदावर आखावे, आणि आकृतीचा अंदाज चितारावा. चित्र गुळगुळीत कडांचे येईल, कारण गोटी खाचेत शिरत नाही. मग सायकलच्या दुकानातून आणलेले छर्रे सोडावेत. आता वेडेवाकडे उसळणारे छर्रे दिसू लागतील आणि काही मुले ‘कडा फाटक्या आहेत’ म्हणतील. हॉफस्टॅटर आणि फ्रीडमन ह्यांच्यामधले अंतर एवढेच होते. मोठ्या मुलांना ह्यापुढचा प्रश्न विचारता येईल : छर्राच जर अधूनमधून फुटून दोन होत असेल तर तुमच्या नोंदीत ते कसे ओळखाल? फळी तेव्हाही उचलू द्यायची नाही. स्टॅनफर्डला आणि हॅम्बुर्गला कोणी उचलू दिली नव्हती.

शब्दांविषयी एक राहिले. जो फोटॉन अखंड राहून धडकतो त्याला ‘थेट’ म्हणणे सोपे गेले. दुसऱ्याला इंग्रजीत ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणतात. त्यासाठी ‘विघटित’ हा शब्द आधी सुचला, पण त्यात मोडण्याचा वास येतो, आणि फोटॉन मोडत नाही. घडी उलगडावी तसा तो उलगडतो आणि धडक झाली नाही तर पुन्हा घडी होतो. म्हणून ‘उलगडलेला’. वर्गात वापरून कोणाला ह्याहून नेमका शब्द सापडला तर तो कळवावा.